सोळा आणि दोन

ऑपरेशन उत्तम झालेलं असे. जखम कोरडी, ताप नाही, पेज-भात सुरू झालेला, घरची मंडळी डिस्चार्ज कधी मिळणार म्हणून विचारत असत. आठव्या किंवा दहाव्या दिवशी सकाळी नर्स बेडपॅन देई, पेशंट जरा जोर करी, आणि एकदम छातीला हात लावून धापा टाकू लागे. चेहरा निळा पडे. डॉक्टर पोचेपर्यंत बहुतेक वेळा सगळं संपलेलं असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या सर्जननं हा प्रकार पाहिलेला होता. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या मुख्य रोहिणीत अडकलेली लांबलचक गुठळी सापडे. ती पायाच्या शिरेत तयार होऊन, तिथून सुटून, हृदयातून पुढे गेलेली असे.

सर्जन हळहळे. पण या मृत्यूचं ओझं तो स्वतःच्या डोक्यावर घेत नसे. माझ्या मते शस्त्रक्रियेच्या इतिहासातली एक मोठी दिरंगाई इथूनच सुरू होते.

रक्तस्रावाचं तसं नव्हतं. तो दिसतो. पोटात रक्त साचू लागलं की सर्जन, मदतनीस, भूलतज्ज्ञ, सिस्टर अशा सगळ्यांच्या नजरा एकाच जागी खिळतात आणि जबाबदार कोण याबद्दल कुणाच्याही मनात शंका उरत नाही. म्हणून शल्यकर्माची अक्कल आधी तिकडे लागली. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआज पारे यांनी रणांगणावर हातपाय कापताना लालबुंद लोखंडाचे चटके देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्यानं बांधायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात स्पेन्सर वेल्स आणि कोखर यांचे चिमटे आले. आजही ऑपरेशन थिएटरात नुसतं ‘आर्टरी’ म्हटलं की सिस्टर जो चिमटा हातात देते, तो याच घराण्यातला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी हळुवार हातानं, थेंबन् थेंब अडवत ऑपरेशन करण्याची शिस्तच घालून दिली. चांगला सर्जन म्हणजे ज्याचं ऑपरेशनचं क्षेत्र कोरडं राहतं तो, हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं. रक्त थांबवणं हा सर्जनचा धर्म ठरला. तेच रक्त नको तिथे थांबू नये याची काळजी घेणं कुणाचंच काम नव्हतं.

गुठळी कुठून येते हे मात्र फार आधी कळलं होतं. 1840च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या शवागारात रुडॉल्फ फिरखो हा विशीतला डॉक्टर काम करत होता. फुप्फुसाच्या रोहिणीतली गुठळी तिथेच, शिरेला सूज येऊन तयार होते, असं त्या वेळचं मत होतं. फिरखोंना ते पटेना. त्यांनी कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन अडकलेले दाखवले. गुठळी दुसरीकडे बनते आणि प्रवास करते, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे त्यांच्या नावानं तीन कारणं शिकवली जाऊ लागली: शिरेच्या भिंतीला इजा, मंदावलेला प्रवाह आणि गोठायला उत्सुक झालेलं रक्त.

ही तीनही कारणं एकाच जागी पाहायची असतील तर ऑपरेशनच्या टेबलाकडे पाहावं. भुलीमुळे पोटरीचे स्नायू सैल पडतात. एरवी चालताना हेच स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. ते ढिले पडले की शिरांच्या झडपांमागे रक्त तुंबून राहतं. अवयव ओढताना, हाड फिरवताना शिरांना धक्का बसतो. आणि चाकू कुणाचा आहे हे शरीराला कळत नाही. कापलं गेलं एवढंच त्याला समजतं, आणि रक्त गोठवण्याची सगळी यंत्रणा कामाला लागते. जखमेच्या जागी ती हवीच. तिच्यावाचून माणूस टेबलावरच दगावेल. पण रक्त सगळीकडे एकच फिरतं. ओटीपोटात जे गोठायला हवं, त्याच रक्तानं पोटरीत मात्र वाहत राहायला हवं. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

त्यात भर पडली अंथरुणाची. हर्नियाच्या साध्या ऑपरेशननंतरही दोन-तीन आठवडे पाठीवर झोपवून ठेवायचं, म्हणजे टाके सुटणार नाहीत, हा तेव्हाचा शिरस्ता होता. अमेरिकेत एमिल रीस यांनी 1899 सालीच पेशंटला लवकर उठवा असं सुचवलं, डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझर यांनी 1938पासून तोच आग्रह धरला, पण एवढ्यानं सवय मोडली नाही. ती मोडायला दुसरं महायुद्ध लागलं. खाटा कमी, माणसं कमी, म्हणून पेशंटला उठवावंच लागलं, आणि टाके सुटत नाहीत हे दिसलं. आज सिझेरियनच्या किंवा पित्ताशयाच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी, सिस्टर ‘चला, उठा, दोन पावलं टाका’ म्हणून मागे लागते. नातेवाइकांना ते निर्दय वाटतं. पण त्या दोन पावलांत पोटरी आवळली जाते आणि तुंबलेलं रक्त पुढे सरकतं.

त्याच युद्धात लंडनमध्ये गुठळीचा आणखी एक पुरावा पुढे आला. 1940च्या शरद ऋतूत बॉम्बहल्ल्यांपासून वाचण्यासाठी लोक रात्र-रात्र आश्रयगृहांत काढत होते. तिथे झोपायला खाटा नव्हत्या. माणसं कॅनव्हासच्या घडीच्या खुर्च्यांत बसून डुलक्या काढत. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांड्यांच्या मागे तासन् तास रुतत राही. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आलं की फुप्फुसातल्या गुठळीनं अचानक मेलेल्यांचा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या मानानं कित्येक पटींनी वाढला आहे, आणि मेलेल्यांत बहुतेक जण आश्रयगृहांतले आहेत. त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं. या लोकांवर कुणी चाकू चालवला नव्हता. पाय लोंबकळत ठेवून निश्चल बसणं एवढंच पुरेसं ठरलं होतं.

गुठळी फुप्फुसात पोचल्यावर काय करायचं, यावर सर्जनांचं पहिलं उत्तर सर्जनांना शोभेल असंच होतं: छाती उघडा आणि ती बाहेर काढा. लाइपझिगच्या फ्रीडरिश ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी 1908 साली ही शस्त्रक्रिया मांडली. त्यांच्या हातून एकही पेशंट कायमचा वाचला नाही. 1924 साली क्योनिग्सबेर्गमध्ये मार्टिन किर्शनर यांना पहिलं यश मिळालं. त्याच वर्षअखेर ट्रेन्डेलेनबुर्ग वारले. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात 1930-31च्या सुमारास पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एका स्त्रीच्या फुप्फुसात गुठळी गेली. एडवर्ड चर्चिल यांनी आपला तरुण सहायक जॉन गिबन याला तिच्या उशाशी बसवलं: दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मोजायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी बोलवायचं. ऑपरेशनच इतकं घातक होतं की मरण समोर उभं राहिल्याखेरीज ते करण्याची हिंमत कुणी करत नसे. सकाळी तो क्षण आला. चर्चिल यांनी सात मिनिटांच्या आत गुठळी काढली, पण ती बाई वाचली नाही. गिबन रात्रभर तिच्या फुगलेल्या शिरांकडे पाहत बसले होते. हे काळं पडलेलं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडता आलं तर? या विचारातून जन्मलेलं हृदय-फुप्फुस यंत्र त्यांनी 1953 साली फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीवर यशस्वीपणे वापरलं. आजची सगळी ओपन हार्ट सर्जरी त्या रात्रीच्या जागरणाची ऋणी आहे.

पण यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून काहीतरी लागतंच. त्या ‘काहीतरी’चा माग 1916 सालीच प्रयोगशाळेत लागला होता.

जे मॅक्लीन हा कॅलिफोर्नियाचा गरीब मुलगा. 1906च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत घरचा धंदा बुडाला. मिळेल ते काम करून पैसे साठवत तो जॉन्स हॉपकिन्सपर्यंत पोचला. तिथे विल्यम हॉवेल या रक्त गोठण्याच्या विषयातल्या अधिकारी माणसानं त्याला साधं काम दिलं: मेंदूतून काढलेला एक पदार्थ रक्त गोठवतो, तो शुद्ध आहे का हे तपासायचं. मॅक्लीननं हृदयातून आणि यकृतातून काढलेले अर्कही बरण्यांत भरून ठेवले होते. शिळे होता होता त्यांची गोठवण्याची शक्ती गेली. इतकंच नाही, काही अर्क उलट रक्त गोठूच देईनात. हॉवेल यांचा यावर विश्वास बसणार नाही हे ओळखून त्यानं ताज्या रक्तात तो अर्क मिसळला, भांडं हॉवेल यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, हे गोठलं की मला सांगा. ही हकिकत त्यानं स्वतःच पुढे सांगितली. ते रक्त गोठलंच नाही.

मॅक्लीनला सापडलेले पदार्थ आणि आपण आज हिपॅरिन म्हणून ओळखतो तो पदार्थ रासायनिकदृष्ट्या वेगळे आहेत. ‘हिपॅरिन’ हे नाव हॉवेल यांनी 1918 साली यकृताच्या ग्रीक नावावरून दिलं, आणि पाण्यात विरघळणारं खरं हिपॅरिनही पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत मिळालं. श्रेय कुणाचं यावर दोघांच्या मृत्यूनंतरही वाद चालला. माझं मत विचाराल तर ठरवलेल्या कामाबाहेरची बरणी फेकून न देणारा विद्यार्थी आणि आपल्याला न पटलेली गोष्ट पुढे वर्षानुवर्षं तपासत राहणारा गुरू, या दोघांपैकी एक नसता तरी हे औषध लांबलं असतं.

सुरुवातीला बाजारात आलेलं हिपॅरिन अशुद्ध होतं. ते दिलं की ताप आणि डोकेदुखी व्हायची. ते माणसाला देण्याजोगं केलं टोरांटोनं. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट हे तिथले प्रमुख होते. बैलाचं यकृत महाग पडू लागलं तेव्हा त्यांच्या मंडळींनी फुप्फुसं घेतली. ती कुजवावी लागत, आणि त्या दुर्गंधीमुळे काम शहराबाहेरच्या शेतावर हलवावं लागलं. 1935 साली सर्जन गॉर्डन मरे यांनी टोरांटोत ते पहिल्यांदा माणसाला टोचलं. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी आपलं शुद्ध हिपॅरिन तयार केलं आणि ते क्लारेन्स क्राफोर्ड या सर्जनच्या हाती दिलं. क्राफोर्ड हे गुठळीसाठी छाती उघडून पेशंट वाचवलेल्या मोजक्या सर्जनांपैकी एक. त्याच माणसानं आता विचार केला की गुठळी होऊच का द्यावी? 1937 साली त्यांनी ऑपरेशननंतर प्रतिबंधक म्हणून हिपॅरिन दिल्याचे पहिले अनुभव छापले. त्याच वर्षी माशाच्या शुक्रपेशींतून मिळणारं प्रोटामीन हिपॅरिनचा परिणाम तत्काळ पुसून टाकतं हे अर्विन चारगाफ आणि केनेथ ओल्सन यांनी दाखवलं. औषधही मिळालं आणि त्याचा उताराही.

म्हणजे 1937 सालीच प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या बहुतेक सर्जनांनी धडधाकट पेशंटला ऑपरेशनच्या आधी हिपॅरिन दिलं नाही. पूर्ण मात्रेत ते शिरेतून द्यावं लागे, रक्त गोठण्याचा वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागे, आणि ताज्या जखमेतून रक्त झिरपे. ज्या माणसानं आयुष्यभर कोरड्या क्षेत्राची साधना केली, त्याला स्वतःहून पेशंटचं रक्त पातळ करा म्हणणं म्हणजे त्याच्या हातावर अविश्वास दाखवण्यासारखं होतं. शंभर पेशंटांना औषध दिलं तर त्यातल्या कुणाची जखम रक्तानं फुगेल हे त्याला दुसऱ्याच दिवशी दिसणार होतं. औषधामुळे कोण मेला नाही, हे कुणालाच कधी दिसणार नव्हतं.

त्यामुळे औषध गुठळी झालेल्यांसाठीच राखून ठेवलं गेलं. तिथे ते किती उपयोगी आहे हे ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी 1960 साली दाखवलं: फुप्फुसात गुठळी गेलेल्या, उपचार न केलेल्या 19 जणांपैकी 5 जण तिनंच दगावले, उपचार केलेल्या 16 जणांपैकी एकही नाही. त्याआधीच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात सेविट आणि गॅलाघर यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या 300 वयस्कर पेशंटांपैकी निम्म्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्यात गुठळीचे मृत्यू जवळजवळ थांबले. सेविट हे मूळचे शवविच्छेदन करणारे. या विषयात पहिली निकड बहुतेक वेळा त्यांच्यासारख्यांनाच वाटलेली दिसते. न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन इथले जॉर्ज शार्नॉफ हेही शवविच्छेदक; 1960च्या दशकात ते ऑपरेशनच्या आधीपासून त्वचेखाली थोडंसंच हिपॅरिन द्या म्हणून सांगत होते. मेलेली माणसं ज्यांच्या टेबलावर येत, त्यांना तो आकडा माहीत होता.

आता गोष्ट लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात येते. भारतात वैद्यकीचं शिक्षण घेऊन इंग्लंडला गेलेले विजय कक्कर तिथे सर्जन होते. त्यांचा प्रश्न अगदी मुळातला होता: गुठळी नेमकी केव्हा बनते? पाय सुजला, पोटरी दुखली की डॉक्टर निदान करत, पण पुष्कळ गुठळ्या कसलंच लक्षण न दाखवता वाढतात. मग ज्या दिसतच नाहीत त्या मोजायच्या कशा?

त्यासाठी एक युक्ती नुकतीच हाताशी आली होती. रक्त गोठताना फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचं जाळं बनतं. त्या प्रथिनाला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, ऑपरेशनच्या आधी ते पेशंटला टोचायचं, आणि कुठे जमतंय ते बाहेरून मोजायचं. त्याआधी काही काळ साधं आयोडीन द्यायचं, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन ओढून घेणार नाही. कक्कर यांच्या वॉर्डात दररोज हे मोजमाप चाले. पेशंटचे पाय आधारावर उचलून ठेवलेले, मांडीपासून पोटरीपर्यंत दर दोन इंचांवर शाईच्या खुणा. आधी मोजणीयंत्राची नळी छातीवर, हृदयाच्या जागी धरायची आणि तिथला आकडा शंभर मानायचा. मग नळी एकेका खुणेवर टेकवत खाली यायचं आणि प्रत्येक जागेचा आकडा टक्क्यांत लिहायचा. एखाद्या खुणेवरचा आकडा शेजारच्या खुणेपेक्षा किंवा कालच्यापेक्षा वीस टक्क्यांनी वाढला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, की तिथे गुठळी आहे असं समजायचं. पेशंट अंथरुणात गप्पा मारत असे, पाय दिसायला अगदी ठीक असे, आणि कागदावर मात्र पोटरीतला एक आकडा रोज चढत असे.

1969 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ऑपरेशन झालेल्या 132 जणांपैकी 40 जणांच्या पायात गुठळी झाली होती, म्हणजे दहातल्या तिघांना. काहींच्या गुठळ्या आपोआप विरघळल्या. काहींच्या पोटरीतून गुडघ्याच्या वर चढल्या, आणि फुप्फुसात गेल्या त्या या चढलेल्यांपैकी. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळेची होती. आठव्या-दहाव्या दिवशी येणाऱ्या मरणाची सुरुवात बऱ्याच वेळा ऑपरेशन टेबलावरच, भूल उतरण्याच्याही आधी, झालेली असे. म्हणजे वॉर्डातला मृत्यू हा वॉर्डातला नव्हताच. तो सर्जनच्या टेबलावरचा होता. तेव्हापासून या मृत्यूकडे दैवगती म्हणून पाहता येईना. आणि प्रतिबंध करायचा तर तो चाकू लावण्याच्या आधीच सुरू करायला हवा होता, म्हणजे सर्जनला ज्याची सर्वांत जास्त धास्ती तेच करायला हवं होतं.

इथे रसायनशास्त्र मदतीला आलं. हिपॅरिन स्वतः फारसं काही करत नाही. रक्तात आधीपासून असलेल्या अँटिथ्रॉम्बिन या रोधकाला ते कित्येक पटींनी तल्लख करतं, हे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. रक्त गोठण्याची क्रिया टप्प्याटप्प्यानं फुगत जाते, एका रेणूमुळे पुढचे अनेक जागे होतात. त्यामुळे वरच्या टप्प्यावरच अडवलं तर अगदी थोडं औषध पुरतं. गोठणं पुरतं पेटल्यावर ते विझवायला मात्र भरपूर लागतं. म्हणजे ऑपरेशनच्या आधी त्वचेखाली छोटी मात्रा द्यायची, इतकी छोटी की चाचणीत रक्त पातळ झाल्याचं जवळपास दिसतही नाही. कक्कर यांनी लहान चाचण्यांत हे तपासलं आणि किरणोत्सारी मोजणीत गुठळ्या स्पष्टपणे कमी झाल्या.

पण पोटरीतल्या गुठळ्या कमी होणं वेगळं आणि माणसं वाचणं वेगळं. ते दाखवायला फार मोठी चाचणी लागणार होती. कक्कर यांच्या पुढाकारानं वेगवेगळ्या देशांतली रुग्णालयं एकत्र आली. चाळिशी ओलांडलेले, ठरवून मोठं ऑपरेशन होणारे 4121 पेशंट. कुणाला औषध आणि कुणाला नाही हे नशिबावर सोडलेलं. औषध मिळणाऱ्यांना ऑपरेशनच्या दोन तास आधी 5000 युनिट त्वचेखाली आणि मग दर आठ तासांनी, सात दिवस. जे दगावतील त्यांचं शक्य तितकं शवविच्छेदन करायचं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय याला या विषयात फारसा अर्थ नसतो.

12 जुलै 1975च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. औषध न मिळालेले 2076 आणि मिळालेले 2045. शवविच्छेदनात फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीनं मेलेले आढळले पहिल्या गटात 16 आणि दुसऱ्या गटात 2.

या आकड्यांपाशी जरा थांबायला हवं. सोळा म्हणजे हजारी जेमतेम आठ. वर्षाला दोनशे मोठी ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या वाट्याला असा मृत्यू वर्षात एखाद-दुसरा येई, आणि तो विसरून जाणं शक्य होतं. त्यानं सगळ्यांना हिपॅरिन दिलं असतं तरी फरक त्याच्या डोळ्यांना जाणवला नसता. एखाद्या वर्षी निव्वळ योगायोगानंही एकही मृत्यू होत नाही. कितीही हुशार, कितीही अनुभवी माणसाला हे स्वतःच्या अनुभवातून कळणं शक्यच नव्हतं. त्याच्या अनुभवात फक्त रक्त होतं. आणि रक्त वाढलं होतं, हे या चाचणीनं लपवलं नाही: जखमेत रक्त साचल्याच्या तक्रारी औषधाविना 117 आणि औषधासह 158 जणांत झाल्या. म्हणजे दर हजारी वीसएक जखमा जास्त फुगल्या आणि सात माणसं जास्त वाचली. फुगलेली जखम दुखते, कधी उघडावी लागते, पेशंट आणि सर्जन दोघांनाही मनस्ताप होतो. पण ती भरून येते. रक्तस्रावानं होणाऱ्या मृत्यूंत मात्र दखल घेण्याजोगा फरक नव्हता. शल्यचिकित्सेच्या इतिहासात डोळ्यांना दिसणारं लहान नुकसान आणि न दिसणारं मोठं नुकसान इतक्या स्पष्टपणे शेजारी-शेजारी मांडलं गेलेलं मला दुसरीकडे क्वचितच सापडलं आहे.

आक्षेप आले, आणि ते रास्त होते. एकूण मृत्यू 100 आणि 80; एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. जवळजवळ एक-तृतीयांश मृतांचं शवविच्छेदन झालंच नव्हतं, त्यांचं काय? खुब्याच्या ऑपरेशनांत ही छोटी मात्रा तितकी लागूही पडत नव्हती. वाद वर्षानुवर्षं चालला. 1988 साली ऑक्सफर्डच्या रोरी कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी सत्तरहून अधिक चाचण्यांतल्या सुमारे 16,000 पेशंटांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा कल तोच निघाला: गुठळ्या आणि त्यांचे मृत्यू बरेच कमी, रक्तस्राव थोडा जास्त. तोवर हिपॅरिनचे छोटे रेणू वेगळे काढून केलेली, दिवसातून एकदा-दोनदा टोचायची नवी औषधं आली होती. पोटावर टोचायच्या त्या भरलेल्या सिरिंज आज गुडघा बदललेल्या घरोघरच्या आजी-आजोबांच्या परिचयाच्या आहेत. कक्कर यांनी पुढे लंडनमध्ये थ्रॉम्बोसिस रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली आणि तिची शाखा बंगळुरूत आणली. 2016 साली ते वारले.

भारतात ही गोष्ट उशिरा पोचली, आणि त्याचं कारण औषधाची किंमत एवढंच नव्हतं. पायातली गुठळी हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे तो होत नाही, अशी इथल्या सर्जनांची पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती. आपला आहार, आपली उष्ण हवा, आपलं उकिडवं बसणं अशी कारणं दिली जात. पण आपल्याकडे ऑपरेशननंतर दगावलेल्या माणसाचं शवविच्छेदन करायला घरचे सहसा तयार होत नाहीत. देह लवकर ताब्यात मिळावा, विटंबना नको, ही भावना मी समजू शकतो. पण त्यामुळे अचानक गेलेला पेशंट ‘अटॅक आला’ या एका वाक्यात संपतो. सेविट आणि शार्नॉफ यांना जो आकडा टेबलावर दिसला, तो आपल्याला दिसण्याची सोयच नव्हती. 2003 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थिशल्यविशारदांनी पायाच्या मोठ्या ऑपरेशनांनंतर शिरांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले, तेव्हा प्रतिबंधक औषध न दिलेल्या निम्म्याहून अधिक पेशंटांच्या शिरांत गुठळ्या सापडल्या. इतर काही भारतीय अभ्यासांत, विशेषतः सोनोग्राफीनं केलेल्या, आकडे बरेच कमी आहेत, आणि एक्स-रेत दिसणाऱ्या पुष्कळ गुठळ्या निरुपद्रवी असतात हेही खरं. तरीही ‘आपल्याकडे होत नाही’ हे वाक्य त्यानंतर बिनधास्त म्हणता येत नाही.

भीतीचं पारडं उलट्या बाजूलाही झुकतं, हे जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं शोधलेल्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या बाबतीत दिसलं. बनलेली गुठळी विरघळू न देणारं, म्हणजे रक्तस्राव थांबवणारं हे औषध 1962चं. स्वस्त आणि सोपं. पण त्यानं पायात आणि फुप्फुसात गुठळ्या होतील या धास्तीनं ते कितीतरी दशकं मोजक्याच कामांसाठी वापरलं गेलं. 2010 साली 20,211 अपघातग्रस्तांवरच्या चाचणीत, ज्यात भारतातली अनेक रुग्णालयं सहभागी होती, त्यानं मृत्यू कमी केले आणि गुठळ्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. इथेही अनुभवाला जे सांगता येत नव्हतं ते हजारोंच्या मोजदादीनंच सांगितलं.

आता ऑपरेशनच्या आधी कागद भरला जातो: वय किती, वजन किती, आधी कधी गुठळी झाली होती का, कॅन्सर आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, किती दिवस झोपून राहावं लागणार. दुसऱ्या बाजूला रक्तस्रावाचे प्रश्न: दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, किडनी कशी आहे. दोन्ही बाजू पाहून कुणाला इंजेक्शन, कुणाला पोटरीवरचे हवेनं आवळणारे पट्टे, कुणाला नुसतंच लवकर चालवणं, हे ठरतं. आणि अजूनही एका ठिकाणी दोन धोके अगदी समोरासमोर येतात. मणक्यात सुई घालून भूल द्यायची असेल आणि रक्त पातळ असेल, तर तिथल्या चिंचोळ्या जागेत रक्त साचून मज्जारज्जू दबू शकतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. 1990च्या दशकात अमेरिकेत असे पेशंट निघाल्यावर 1997 साली तिथल्या औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला. तेव्हापासून छोट्या रेणूंच्या हिपॅरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर निदान बारा तास थांबायचं, मग सुई, असा नियम झाला. म्हणून सकाळी पहिलं ऑपरेशन असलं की भूलतज्ज्ञ पेशंटच्या आधी केसपेपर हातात घेतो आणि रात्रपाळीच्या सिस्टरला विचारतो: कालचं इंजेक्शन किती वाजता दिलं? आठ म्हणजे ठीक. अकरा म्हणजे ऑपरेशन पुढे जाणार, नाहीतर पूर्ण भूल द्यावी लागणार.